वास यायचा थांबला की

काका आखातातल्या तेलकंपनीतली नोकरी संपवून परत आला तो बोंबील वाळवायच्या दिवसांत. इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झाली होती. रेवदंड्यात तेव्हा घरापुढे, वाळूत, जिथे बघाल तिथे बोंबील टांगलेले असायचे. काकानं नाकाला पंचा लावला आणि म्हणाला, काय हा वास! आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. आम्हाला कुठला वास?

काकी खुशीत होती. म्हणायची, होईल सवय, मग हा माणूस कुठे जातोय.

तिथल्या गोष्टी तो जेवताना सांगायचा. जमिनीतून तेलाबरोबर गॅस वर येतो, कुजक्या अंड्यांच्या वासाचा. तेल बोटींत भरून जगभर विकतात. गॅस न्यायला बोटच नाही, म्हणून जागच्या जागी पेटवून देतात. त्या उजेडात तिथे रात्रच होत नाही. विहीर शेखाची, बोटी गोऱ्यांच्या, भाव तिसऱ्याच देशात ठरणार. जळतो त्याला रडतंय कोण? मला भारी राग यायचा. आम्ही जास्तीची मासळी वाळवतो, पेटवून देत नाही. पुढे साठच्या दशकात पेपरात वाचलं, तसलाच गॅस आता थंड करून, पातळ करून बोटीनं विकतात. एवढी अक्कल यायला इतकी वर्षं लागली.

एक गोष्ट मात्र त्यानं एकदाच सांगितली. त्या गॅसचा वास येतोय तोवर माणूस जगतो. गॅस वाढला की आधी नाक मरतं, मग माणूस. खड्ड्यात उतरलेला त्याचा सोबती 'आता वास न्हाय' म्हणाला, आणि तिथेच खाली बसला. तो उठलाच नाही.

एका संध्याकाळी जेवताना काकाचा हात थांबला. त्यानं काकीला विचारलं, "गो, वास येतंय का?"

"कसला? मना त न्हाय येत."

काकीला आनंदच झाला होता. त्यालाही बोंबलांचा वास येईनासा झाला, माणूस घरचा झाला. काकानं ताट लोटलं आणि तिला दंडाला धरून वाऱ्याच्या तोंडाशी, वाळूत फरफटत नेलं. शेजारी हसले, मीही हसले. मग रोजच तसं व्हायला लागलं आणि कोणी हसेना.

शेवटी तो परत आखातात जायला निघाला. तिथे वास तरी येतो, म्हणाला. रेवसच्या धक्क्यावर लाँच लागली होती. काकीनं त्याचा हात घट्ट धरला होता. इथे कुठला गॅस, हे आपलं घर, असं समजावत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुला कवापासून वास येत न्हाय?" त्यानं हळूच विचारलं.

"जल्मापासून," काकी म्हणाली.

मेलेल्या माणसाकडे बघावं तसा तो तिच्याकडे बघत राहिला. मग तिनंच हात सोडला.