बुटांसकट पाहुणा

आखातात वर्ल्डकपच्या स्टेडियमच्या बांधकामावर आमच्यासोबत असलेले एक सल्लागार अभियंते सत्तरीला टेकले होते. लहानपणी आईवडिलांसोबत हंगेरीची सीमा पायी ओलांडून ते निर्वासित झाले आणि पुढे मेलबर्नला स्वतः घर बांधून स्थिरावले. मात्र झोपेखेरीज पायांतले बूट ते कुठेही काढत नसत.

“निघायची वेळ आली की नाड्या बांधायला सवड नसते,” ते म्हणत.

“सर, या निष्कर्षाला पुरावा एकाच प्रसंगाचा आहे,” मी एकदा म्हणाले.

“तेवढा पुरला.”

गणपतीत ते तिथल्याच अल नस्र वस्तीतल्या आमच्या घरी जेवायला आले आणि दारातच थबकले.

“अगं, साहेबांना बूट काढायला सांग. मोदक गार होतायत,” आई म्हणाली.

मी सांगितले. त्यांचा निर्णय होईना. आल्या पावली परततात की काय, अशी मला धास्ती वाटली. अखेर त्यांनी बूट काढले, पण बाहेर न ठेवता छातीशी धरून ते आत आले.

आईने काही न विचारता त्यांच्या खुर्चीजवळ वर्तमानपत्र अंथरले. “इथे ठेवू देत. फक्त टोके बाप्पाकडे नकोत.”

मी भाषांतर करताच त्यांनी बूट तत्परतेने दाराकडे तोंड करून मांडले आणि निर्धास्तपणे पहिला मोदक उचलला.