सासूबाईंचं दुसरं लग्न, त्याच नवऱ्याशी

कुणी फार शहाणपणा करायला लागला की आपण म्हणतो, ‘तू काय बापाच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यास?’ आमच्या ह्यांनी खरंच खाल्ल्यात. चांगल्या दोन वाट्या, आणि वर मीठ कमी म्हणून कुरकुर केली, असं कल्याणच्या बायका अजून सांगतात. आमच्या घरात ही म्हण काढायची सोय उरलेली नाही.

ह्या सगळ्याचं मूळ आमच्या सासूबाई, रंगूबाई सुभेदारीण. बाई अशी की भांडायला माणूस मिळालं नाही तर उंबऱ्याशी भांडेल. मी सून म्हणून आले त्या दिवसापासून आमचं एका गोष्टीवर एकमत झालं नाही, आमटीत गूळ किती इथपासून वाद. पण खोटं बोलून मला कुठे जायचंय? घडलं तसं सांगते.

मामंजी पलटणीत सुभेदार. देशी माणसाला तेव्हा ह्याहून फार वर चढता येत नसे, म्हणून ते कल्याणात आले की अख्खी आळी ताठ चाले. येत मात्र रजेपुरते. सासूबाई वर्षभर घरात, नणंदेच्या ताब्यात. नणंद म्हणजे गोदूबाई, मामंजींची थोरली बहीण. पाण्यालासुद्धा हिला विचारून हात लावायचा.

अशात कंदाहारची लढाई झाली. मोहने गावचा सहदेव शिपाई जखमी होऊन परत आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, “सुभेदार पडले. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.” झालं! गोदूबाईंनी त्याच दिवशी सासूबाईंचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. प्रेत कुठून आणणार? त्र्यंबकभटांनी पळसाच्या पानांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि ह्यांनी, दहा वर्षांच्या पोरानं, खाडीकाठी त्या बापाला अग्नी दिला. तेरावं दणक्यात झालं. सासूबाईंनी ते वर्ष कसं काढलं ते त्या कधी सांगत नसत. एकदाच म्हणाल्या, “नारळासाठी रडले गं मी, वर्षभर.”

वर्ष उलटलं आणि एका दुपारी मामंजी आगगाडीतून उतरून चालत घरी आले. लढाईत तापानं कोसळले ते कंदाहारच्या इस्पितळात पडून होते, पलटणीनं मेलेल्यांत धरलं होतं. दारात गोदूबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी “भूत! भूत!” करून सूप भावाच्या अंगावर भिरकावलं आणि दार लावून घेतलं. लढाईतून वाचलेला माणूस सुपानं जखमी झाला, कपाळावर ही एवढी खोक!

सासूबाई मागच्या दारानं आल्या. आधी पाय बघितले. भुताचे पाय उलटे असतात. हे सुलटे होते, आणि डाव्या अंगठ्याचं नख तेच, अर्धं तुटलेलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

पण घरात घ्यायचं कसं? त्र्यंबकभट म्हणाले, “सुभेदार शास्त्रानं मेलेत. तेराव्याचं मी स्वतः जेवलोय.”

“मग मी कोण?” मामंजी ओरडले.

“तुम्ही अजून जन्मायचे आहात.”

मेल्या माणसाला पुन्हा जन्म घ्यायचा तर तुपाच्या रांजणात बुडवायचं, असं निघालं. सहा फुटी सुभेदाराला बुडवायचं म्हणजे कल्याणच्या सगळ्या म्हशी लागल्या असत्या. शेवटी पळीभर तूप डोक्यावर आणि बाकी कोमट पाणी, यावर भागलं. मग पाळणा. त्यात मावले फक्त पाय. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करत बाळ पाळण्याखालून द्यायचं, तर बायकांनी त्यांचा फेटाच इकडून तिकडे दिला. खरी आत्या कधीच वारलेली, म्हणून बहिणीलाच आत्या केलं. गोदूबाईंनी कानात नाव सांगितलं, “गुणाजी!” तोफांनी तो कान गेलेला. “काय?” “गुणाजी रे, मेल्या!” “मेल्या म्हणू नकोस, आत्ताच जन्मलोय!”

मग आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. सासूबाईंना विधवा म्हणून लांब बसवलं होतं. कुर्रर्र झालं मात्र, आणि बाई बायकांतून वाट काढत आली आणि वर्षभराचं सगळं नणंदेच्या पाठीत उतरवलं. गोदूबाई आठ दिवस उताण्या झोपल्या नाहीत.

उरलं लग्न. नवरा नवा जन्मलेला, म्हणजे बिनलग्नाचा. मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि नवरी म्हणाली, “थांबा भटजी.”

त्र्यंबकभटांच्या हातातल्या अक्षता सांडल्या.

“पहिल्या लग्नात मी मामाच्या खांद्यावर झोपले होते. मला कुणी विचारलं नाही. आज जागी आहे. विचारा.”

“वधूला विचारायचा विधी नाही हो, बाई.”

“मिशीवाल्याला पाळण्यात घालायचा सापडला ना? मग हाही शोधा.”

अंतरपाट खाली झाला. तो मामंजींनीच खाली ओढला होता. सगळ्या गावासमोर, बायकोचं नाव घेऊन ते म्हणाले, “रंगू, मी पसंत आहे का तुला?”

“आहात,” सासूबाई म्हणाल्या. “पण मला इथे ठेवून जायचं नाही. तुम्ही खरंच मेलात तर मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. सहदेवाच्या तोंडून ऐकायचं नाही.”

“लढाईवर बायकांना नेत नाहीत, रंगू.”

“जिथपर्यंत नेतात तिथपर्यंत न्या.”

नेलंच त्यांनी. पुणं, नगर, महू, एडनसुद्धा! एडनात बाईंनी बकरी पाळली आणि गोऱ्या साहेबाच्या मडमेला भाकरी थापायला शिकवली. मडमेची भाकरी काही फुगली नाही, पण दोष सासूबाईंनी पिठाला दिला. पेन्शन झाल्यावर ठाण्याला टेंभी नाक्याजवळ घर केलं. मामंजी गेले ते तिथेच, सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून. त्या दिवशी कुणी त्यांना कुंकू पुसा म्हणालं नाही. त्यांनी आपणच पुसलं, सावकाश, नीट बघून झाल्यावर.

दोन वर्षांनी माझ्या येसूचं लग्न ठरलं. मुलगी अकरा वर्षांची, स्थळ विठ्ठलवाडीचं, भातशेतीवाले. नवरा बिजवर आणि तिशी ओलांडलेला, पण घर खातंपितं. मीच हट्टानं जमवलं होतं. मांडव सजला, अंतरपाट धरला, आणि मांडवाच्या मधोमध, जिथे विधवेनं बसू नये तिथे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “थांबा भटजी.”



“येसू, बाळ, हा नवरा पसंत आहे का गं तुला?”

येसूनं अंतरपाटाखालून वाकून बघितलं. नीट बघितलं. मग म्हणाली, “नाही.”

वरबापानं पागोटं आपटलं. वऱ्हाड उठलं, बँडवाले उगाचच वाजवायला लागले. मला वाटलं, म्हातारीला धरून खाडीत ढकलावं! मुलीचं आता कसं व्हायचं, कोण पदरात घेणार तिला?

येसूनं मुंडावळ्या काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, “आई, भूक लागलीय.”

तिच्या तोंडाकडे बघितलं आणि माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. मला रडूच फुटलं. माझ्या लग्नात मी अशी मान वर करून कधी उभी होते? मी स्वयंपाकघरात गेले आणि तीन पानं मांडली, येसूचं, माझं आणि सासूबाईंचं. सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. आमटी वाढताना मी विचारलं, “गूळ घालू का अजून?”

तेवढ्यात हे दारात आले. “आणि माझं पान?”

“तुम्ही आधी वऱ्हाडाला निरोप द्या,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.