लाइट गेल्यावर पडणारं फाटक

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. गेल्या गुरुवारी, दुपारी पावणेएकला, तलासरी तालुक्यातल्या एका आयटीआयच्या सभागृहात, सगळ्यांच्या देखत. मी तिथे होते आणि गप्प बसले, हेही आधीच लिहून टाकते. एरवी संघटनेची पत्रकं वाटताना माझा आवाज चारोटी नाका ओलांडून जातो.

स्पर्धा होती खेळण्यातल्या रेल्वेसाठी आपोआप चालणारं फाटक बनवायची. पहिला येईल तो पालघरच्या जिल्हा प्रदर्शनाला जाणार. बहीण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला जायचं होतं.

बाकी सगळ्यांनी तयार बोर्ड घेतला, त्यात प्रोग्राम भरला आणि छोटी मोटर लावली. गाडी आली की मोटर फाटक खाली ओढते. बहिणीनंही आधी तेच केलं होतं. मग एका रविवारी सगळं सोडवून ठेवलं.

"चाललं होतं की चांगलं," मी म्हटलं.

"आणि लाइट गेली तर?"

आमच्या पाड्यावर कुठल्याही वस्तूला पहिला प्रश्न हाच विचारतात. पंप असो, गिरणी असो. तिनं उलटं करायचं ठरवलं: वीज लागेल ती फाटक वर धरायला. डहाणू रोडच्या भंगारवाल्याकडून इलेक्ट्रिक कुलपातली कॉइल, म्हणजे वीज दिली की चुंबक होणारं तारेचं वेटोळं, आणली. वीज आहे तोवर कॉइल दांडी वर ओढून धरते. इंजिनाखालचं चुंबक रुळाजवळच्या स्विचवरून गेलं की वीज तुटते आणि दांडी स्वतःच्या वजनानं खाली येते. कॉइल सारखी चालू, म्हणून तापायची. त्यावरही तोडगा काढला: उचलताना वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमधून जोराचा झटका, मग करंट अडवणाऱ्या रेझिस्टरमधून जेमतेम धरण्यापुरता करंट. तार तुटो, लाइट जावो, फाटक पडणारच आणि रस्ता बंद होणारच.

माहितीचा फलक मी रंगवला. लाल स्केचपेननं, पत्रकावर लिहिते तसा ठळक: "लाइट गेली की फाटक पडतं!"

परीक्षक आमच्या टेबलाशी आले आणि खरंच लाइट गेली. खेळण्यातल्या गाड्या सेलवरच्या, त्या धावत राहिल्या. आमचं फाटक खटकन खाली आलं. शेजारच्या टेबलावरचं वरच राहिलं. त्यांची गाडी थेट फाटकात उभ्या केलेल्या काड्यापेटीच्या टेम्पोवर आदळली, टेम्पो टेबलाखाली. सभागृह हसलं.

परीक्षक शेजारच्या मुलाला म्हणाले, "लाइटला तू काय करणार? जनरेटर लागला की परत दाखव."

मग आमचा फलक वाचला आणि कागदावर लिहिलं: वीज गेल्यावर मॉडेल बंद पडते.

"सर, ते पडायलाच पाहिजे," बहीण म्हणाली.

"अगं, तुम्हीच कबूल केलंय इथे. लाल अक्षरात. आणि प्रोग्रामिंग कुठाय?"

"लागलं नाही, सर."

मागून एक पोरगा म्हणाला, "दमलं गं तुझं फाटक, झोपलं बघ." परीक्षकही हसले.

दोष म्हणून जे लिहिलं गेलं ते माझ्याच वाक्यावरून. आणि ज्याची गाडी टेम्पोवर गेली तो पहिला आला. तो निकाल मला आजही आठवतो आणि शिकलेल्या माणसानं तो दिला हे पटत नाही.

टमटममधून घरी येताना बहीण एवढंच बोलली. "ताई, टेम्पो काड्यापेटीचा होता म्हणून हसले ना?"

दुसऱ्या दिवशी मी आयटीआयच्या प्राचार्यांना अर्ज लिहिला. मागणी एकच आहे: पालघरला नाव जाण्याआधी सगळी मॉडेलं पुन्हा मांडा, गाड्या चालू करा, मेन स्विच बंद करा आणि मग नंबर द्या.

त्या सभागृहात तुम्ही होतात. टेम्पो पडताना तुम्ही पाहिलंत, कदाचित हसलातही. अर्ज घेऊन मी रोज सकाळी तलासरीच्या बस स्टँडवर उभी असते. सोमवारी तो आयटीआयमध्ये द्यायचा आहे. त्याआधी या, आणि जे पाहिलंत त्याखाली सही करा.