सैल जर्सी

आमच्या प्रशिक्षक बाई चढाई बघायच्या नाहीत, ऐकायच्या. चारकोपच्या मैदानावर आमच्या कबड्डी संघाचा सराव चालायचा आणि बाई मॅटकडे पाठ करून, डोळे मिटून उभ्या असायच्या. कुणाचा दम कुठे तुटतोय हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. "पाय खोटं बोलतात गं, श्वास नाही बोलत," म्हणायच्या.

संघ मुलींचा होता आणि त्यात मी होतो. जगाच्या लेखी तेव्हा मी मुलगीच. माझ्या लेखी कधीच नव्हतो. संघात सगळ्यांना आडनावाने हाक मारायची पद्धत होती. 'परब' एवढं एकच नाव तेव्हा मला सोसवायचं.

पंधराव्या वर्षी मी बाबांच्या गुडघ्याचं क्रेप बँडेज छातीला गच्च गुंडाळायला लागलो. चार सेफ्टी पिना लावायच्या, वर टी-शर्ट. शाळेत तेच, खेळताना तेच, झोपतानाही तेच. आरशात बघितलं की बरं वाटायचं, म्हणून दुखणं चालवून घ्यायचो.

एका संध्याकाळी बाई न वळताच ओरडल्या, "परब, तुझा दम कोण खातंय?" पुढच्याच चढाईत माझी पकड झाली, अंगावर तिघी पडल्या आणि मला श्वासच घेता येईना. बाईंनी मला उचलून मॅट ठेवायच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं. "छातीला बांधलंयस ते सोड. मी भिंतीकडे बघते. सांगशील तेव्हाच वळेन."

वळल्या तेव्हा माझ्या बरगड्यांवर लाल वळ होते. बाई खालीच बसल्या.

"किती तास बांधतेस?"

"सोडतच नाही."

"का गं?"

"बाई, मला ते नकोयत. मी मुलगी नाहीये."

बाई म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. पण बरगडी कळते. ती मोडली तर तू मुलगा असशील तरी रडशील."

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. आईला फक्त एवढंच म्हणाल्या, "परबच्या बरगडीला मार लागलाय. डॉक्टरकडे नेऊया." बाकीचं सांगायचं की नाही, ते त्यांनी माझ्यावर ठेवलं. तपासताना डॉक्टरीणबाईंनी आईला बाहेर बसवलं आणि मला नीट समजावलं. क्रेप बँडेज नाही, चिकटपट्टी तर मुळीच नाही. बँडेज श्वासागणिक आवळत जातं. छाती सपाट दिसण्यासाठी मापाचं खास बनियन मिळतं, बाइंडर म्हणतात, ते घालायचं. तेही आठ तासांच्या आत. झोपताना नाही, खेळताना नाही. मधूनमधून एखादा दिवस पूर्ण सुट्टी. दुखलं, मुंग्या आल्या, दम लागला, की लगेच काढायचं. खेळताना नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा आणि वर सैल कपडे.

बाईंनी स्वतः टेपने माझं माप घेतलं आणि बाइंडर मागवला. रोज सरावाच्या आधी विचारायच्या, "काढलंस?" मधेच आठवलं की मला 'रे' म्हणायच्या आणि त्याच वाक्यात परत 'गं'वर यायच्या.

पण जर्सी अंगाला घट्ट होती. ती घालून बाइंडरशिवाय मैदानात उतरायला मला मरणाची लाज वाटायची. महिन्याभरात अख्ख्या संघाला दोन-दोन मापं मोठ्या जर्स्या आल्या. मुली वैतागल्या. "बाई, ही काय गोणपाटं!" "उकाडा केवढा आहे. आत वारा खेळू दे," बाई म्हणाल्या.

त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. शेवटच्या चढाईत आमची कप्तान दीप्ती दोन गडी टिपून परत फिरली, खाली वाकून निसटताना तिचा गुडघा लोंबत्या जर्सीत अडकला आणि ती तोंडावर पडून तिथेच पकडली गेली. मध्यरेषा हातभर राहिली. आम्ही एका गुणाने हरलो.

आमच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष सगळ्यांसमोर ओरडले, "ही गोणपाटं कुणाच्या डोक्यातनं आली?"

"माझ्या," बाई म्हणाल्या.

"का पण?"

"वाटलं मला."

मी त्यांच्या मागेच उभा होतो. बोललो नाही. पुढच्या मोसमात संघाला नवे प्रशिक्षक आले.

अठराव्या वर्षी मी घरी सांगितलं आणि संघ सोडला. आई वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. त्या दिवसांत मी बाईंकडे जाऊन बसायचो. त्यांची गॅलरी मैदानाच्या बाजूला होती, पण खुर्ची त्यांनी आत घेतली होती. एकदा विचारलं, "बाई, जर्सीचं सगळ्यांना सांगून टाकू?" त्या म्हणाल्या, "तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. माझ्यासाठी नको." हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते आठवलं की अजून माझी मलाच शरम वाटते.

गेल्या वर्षी बाई हृदयविकाराने गेल्या. मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. कुणीतरी हसत म्हणालं, "बाई ग्रेटच, फक्त त्या जर्स्यांनी वाट लावली." चारदोन जण हसले. मी उठलो. तिथे निम्म्या लोकांना माझं नवं नावही माहीत नव्हतं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

सभा संपल्यावर दीप्ती दाराशी थांबली होती. डोळे लाल.

"तेव्हाच सांगायचं ना यार, परब. मी स्वतः तुझ्यासाठी त्याहून मोठी जर्सी घातली असती."

आम्ही दोघं बाहेरच्या पायरीवर बसलो.

"त्या दिवसापासून मी बाईंशी बोललेच नाही," ती म्हणाली. "दोनदा घरी आल्या होत्या माझ्या. मी आईला सांगितलं, नाहीये म्हणून सांग."