परक्या माणसाची ऑर्डर

आमच्या फोनच्या टेबलाखाली एक जाडजूड पिवळी डिरेक्टरी आहे. शहरातल्या धंदेवाल्यांची. मधली पानं सुटायला आलीत, पाठीला मी चिकटपट्टी लावलीय, आणि तिला हात लावायची घरात कुणाची टाप नाही. मुलगी सुट्टीला आली की हमखास विचारते, "आई, हे धूड अजून ठेवलंयस? सगळं मोबाईलवर मिळतं." मी म्हणते, मिळत असेल बाई, तू तुझं मिळव.

परवाचंच बघा. पितळेच्या पातेल्यांना कल्हई करून घ्यायची होती. मुलीने मोबाईलवर शोधलं, तर त्याने नवी पातेली विकणारे दाखवले, घरपोच. मी डिरेक्टरी उघडली, कसबा पेठेतला एक नंबर काढला, त्याच्या आधी दोनाचा आकडा लावला आणि फिरवला. मधे सगळ्या शहराचे नंबर एका आकड्याने वाढले, तेवढं लक्षात ठेवलं की जुनं पुस्तक आजही बोलतं. पलीकडून बाईचा आवाज आला, "सासरे आता करत नाहीत, आमचे हे करतात. भांडी घासून आणा, आणि दुपारी येऊ नका." मी मुलीकडे नुसतं पाहिलं. संध्याकाळी तीच पातेली घेऊन माझ्याबरोबर आली.

पण कल्हईचं निमित्त झालं. या पुस्तकावर माझा जीव आहे तो वेगळ्याच कारणाने. याच्याच आदल्या वर्षीच्या पुस्तकाने माझी गॅलरी वाचवली, आणि तेही चूक करून.

मी रुखवत करते. लग्नात मुलीकडचे टेबलावर हौसेने मांडून ठेवतात ते. साखरेचं तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांची सप्तपदी, काड्यापेटीच्या काड्यांचा बंगला, त्याच्या अंगणात करंड्याएवढी विहीर, नऊवारीतली बाहुली, फेटेवाला बाहुला. बिबवेवाडीतल्या आमच्या लहानशा फ्लॅटला मागे गॅलरी होती. तिला काचा लावून घेतल्या होत्या आणि माझा सगळा पसारा तिथे असायचा. साचे, थर्माकोल, रंग, खळीची वाटी. तिथे बसले की मला कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ऐकू यायच्या नाहीत.

गिऱ्हाइकं म्हणाल तर सगळी नात्यातली. नणंदेची जाऊ, शेजारणीची भाची, यांच्या कारखान्यातल्या साहेबांची मेहुणी. येणार, पोहे खाणार, "वहिनी, काय हात आहे हो तुमचा" म्हणणार आणि जाताना खण-नारळ हातावर ठेवणार. कपाटात खणांची इतकी चळत झाली होती की दुकान टाकता आलं असतं. हात चांगला आहे असं कुणी म्हटलं की मी मनात म्हणायची, झालं, आणखी एक खण.

त्या वर्षांत गावाला कॉम्प्युटरचं खूळ लागलं होतं. आमच्या एका गल्लीत कॉम्प्युटर शिकवणारे क्लास आणि पिठाच्या गिरण्या, यात क्लास जास्त होते. आमची मुलगी कॉलेजात तेच शिकत होती. तिला घरी मशीन हवं, यात वाद नव्हता. वाद झाला तो जागेवरून.

"दिवाळीला कॉम्प्युटर येईल," हे चहा पिता पिता म्हणाले. "गॅलरीत ठेवू."

हे म्हणजे आमचे यजमान. खडकीच्या कारखान्यात नोकरीला. माणूस स्वभावाने चांगला, पण बोलणं असं की समोरच्याला आपण उगाच जन्माला आलो असं वाटावं.

"आणि माझं सामान?"

"माळ्यावर."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, माझा धंदा आहे तो."

यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "धंदा म्हणजे जिथे परका माणूस येतो. तुझ्याकडे येतात ते सगळे जेवून जातात. दिवाळीच्या आत एका तरी परक्या माणसाची ऑर्डर दाखव, गॅलरी कायमची तुझी. नाहीतर कॉम्प्युटरची."

"बघाच तुम्ही," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण परका माणूस आणायचा कुठून? तो काय भाजीसारखा मंडईत मिळतो? मनातून पार खचले होते मी. गॅलरी गेली असती तर माझं मीपण त्या माळ्यावर गेलं असतं, जुन्या पाळण्याशेजारी.

अशात एके दिवशी दारावर एक मुलगी आली. खांद्याला बॅग, हातात फॉर्मांचा गठ्ठा. धंदेवाल्यांची डिरेक्टरी छापली जाणार होती, तिच्यात नावं गोळा करत फिरत होती. समोरच्या टेलरकडून निघून चुकून आमची बेल दाबली होती तिने. मी तिला हाताला धरून आत घेतलं.

मुलगी कानपूरकडची, नुकतीच पुण्यात आलेली. मराठी बोलायची हौस दांडगी. "आँटी, आपला बिझनेस काय आहे?"

"रुखवत."

तिने शीर्षकांची यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. "असा हेडिंग नाहीये. रुखवत मतलब?"

मी तिला गॅलरीत नेलं. बंगला दाखवला, विहीर दाखवली, बैलगाडी दाखवली. तिचे डोळे हे एवढाले झाले. "अरे, हे तर छोटे छोटे मॉडेल आहेत," म्हणाली आणि भराभरा काहीतरी लिहून घेतलं. मी तिला पोहे दिले. नंतर जीभ चावली, हीसुद्धा जेवून गेली म्हणून.

गणपतीच्या आसपास पुस्तक आलं. मी 'आर'ची पानं काढली. रेडिएटर होते, रबर स्टॅम्प होते, मी नव्हते. लग्नाचं सामान पाहिलं, केटरर पाहिले, मांडववाले पाहिले. कुठेच नाही. रडूच यायला लागलं. शेवटी मुलीने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, पानं उलटली आणि जोरात हसली. "आई, तू मॉडेल मेकर आहेस. बिल्डिंगची, यंत्रांची मॉडेलं करणाऱ्यांत टाकलंय तुला."

यांनी वाचलं आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "चला, निदान मॉडेल झालीस."

मग फोन सुरू झाले, पण कसले? एका साडीवाल्याला जाहिरातीसाठी मॉडेल हवी होती. मी म्हटलं, एक आहे, पण तिला गुडघेदुखी आहे. एका कारखान्याला पंपाचा लाकडी नमुना हवा होता. प्रत्येक फोननंतर मी यांच्याकडे पाहायची आणि हे मान हलवायचे. "हा परका माणूस नव्हे. हा चुकलेला माणूस."

दसरा जवळ आला तेव्हा एक फोन आला. आवाज रांगडा, पण अदबीचा. "म्याडम, तुमी बनवता ना त्ये?"

त्ये म्हणजे काय, हे त्यानेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी आपली नेहमीच्या क्रमाने सुरू झाले. "कार्य कधी आहे?"

"दसऱ्याला."

दसऱ्याला कसलं लग्न, असं वाटलं, पण मुहूर्त त्यांचा. "हॉल कुठला?"

"हॉल न्हाई, जाग्यावरच मांडव घालणार हाय."

"मुलीकडचे ना?"

"आं? हां, हाय की, बहीन हाय पार्टनर." आता हे मला चमत्कारिक वाटायला हवं होतं, पण माझ्या कानांना फक्त मांडव ऐकू येत होता.

"काय काय हवं मांडायला?"

"एक मोठी बिल्डिंग, म्होरं बाग, कडंला देऊळ."

"तुळशीवृंदावन घालू?"

"घाला की. लोकास्नी आवडंल."

फोन ठेवला आणि मी यांच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "परका माणूस. नाव-गाव काही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. पांढरे कपडे, कपाळाला गंध, तिशीचा गडी. त्याचं गाव शहराच्या हद्दीत आलं होतं आणि घरच्या शेतावर तो पहिली बिल्डिंग बांधत होता. दसऱ्याला बुकिंग सुरू करायचं होतं, म्हणून मांडव. त्याने चटईवर नकाशा पसरला. मजल्यावर मजले. कोपऱ्यात पट्टीसारख्या रेघा आणि आकडे. हे लग्नाचं टेबल नव्हे, एवढं मला कळलं. यांनी पेपरच्या वरून बघितलं. बोलले नाहीत, पण भुवई बोलली.

खोटं बोलले असते तर खपलं असतं. पण मला ते जमत नाही. म्हटलं, "दादा, पुस्तकात चूक झालीय. मी रुखवत करते. लग्नाचं."

त्याने नकाशा गुंडाळला. मग उठून गॅलरीत गेला. काड्यांच्या बंगल्यावर वाकला, बोटाने दार ढकललं. दार उघडलं. माझ्या बंगल्यांची दारं उघडतात.

"ह्ये पडत न्हाई ना?"

"लग्नात पोरं ओढतात तरी पडत नाही."

"मग झालं की," तो म्हणाला. "बाकीच्यांनी दिवाळीनंतरची तारीख दिलीया. तुमीच करा."

पुढचे दिवस आमच्या घरात स्वयंपाक कमी आणि बांधकाम जास्त. नकाशाची मापं मुलीने लहान करून दिली. जिच्या कॉम्प्युटरची जागा मी अडवत होते, तीच माझी इंजिनिअर झाली. खिडक्यांना जिलेटीनचा कागद, झाडांना हिरवा रंगवलेला घोसाळ्याचा काथ्या. माणसं मात्र माझ्याकडे होती ती लग्नाचीच. त्यामुळे त्या बिल्डिंगच्या प्रत्येक गॅलरीत मुंडावळ्या बांधलेली जोडपी उभी राहिली आणि गच्चीवर सनईवाला बसला. कंपाउंडची भिंत मी साच्यातून काढली, पांढरीशुभ्र, देखणी. साखरेची. हाताला तीच सवय.

दसऱ्याला सकाळी ते धूड टेम्पोतून गेलं. मी मागे बसून त्याला धरलं होतं आणि हे मला. मांडवात टेबलावर ठेवलं, वरची चादर काढली, आणि मी खाली पाहते तो काय, कंपाउंडच्या भिंतीवरून काळ्या मुंग्यांची मिरवणूक चाललेली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, स्वतःवरच. झालं, गॅलरी गेली असं म्हणून मी पदराने हाकलायला लागले, तर अजूनच आल्या.

बिल्डर वाकून बघत होता. "म्याडम, ह्ये काय हाय?"

"साखर," मी कशीबशी म्हटलं.

त्याची आई शेजारीच उभी होती, ठसठशीत कुंकू लावलेली. तिने भिंतीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि लेकाला म्हणाली, "अरं, काळ्या मुंग्या हायती. लक्षुमी आली म्हन. आनि रुखवत हाय ह्ये, नीट बघ. माझ्या लग्नात कुनी केलं न्हाई मला." ती गच्चीवरच्या सनईवाल्याकडे बघत राहिली. मग तिने गावातल्या बायका बोलावल्या. बायकांनी नवरे बोलावले. कुणी मुंडावळ्यावाल्या जोडप्याकडे बोट करून म्हणे, ही आमची गॅलरी, कुणी म्हणे, आमची. बुकिंगच्या मांडवात चक्क लग्नघर झालं. दुपारपर्यंत कंपाउंड खाऊन संपलं होतं आणि बिल्डरचा चेहरा फुलला होता. मला तर हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

निघताना त्याने मला पाकीट दिलं आणि पाया पडला. "मावशी, धाकटीचं लगीन माघात हाय. रुखवत तुमचंच."

रिकाम्या टेम्पोतून परतताना मी म्हटलं, "झाली ना परक्या माणसाची ऑर्डर?"

"कुठला परका?" हे म्हणाले. "मावशी म्हणाला तुला. पुढच्या वेळी जेवून जाईल." पण दिवाळीला कॉम्प्युटर आला तेव्हा तो हॉलमध्ये बसला, यांच्या आरामखुर्चीच्या जागी, आणि आरामखुर्ची माझ्या गॅलरीच्या दारात आली. ती तिथेच आहे, आणि हेही.

पुढच्या वर्षी ती कानपूरची मुलगी नवं पुस्तक द्यायला स्वतः आली. तिने पान उघडून दाखवलं. रबर स्टॅम्पच्या खाली, सेफ्टी बुटांच्या वर, ठळक अक्षरांत नवं शीर्षक होतं. रुखवत. त्याखाली सगळ्या शहरातून एकच नाव, माझं. "अंकलचा फोन यायचा ऑफिसमध्ये," ती म्हणाली. "खूप वेळा. बोलायचे, हेडिंग नसेल तर पुस्तक कशाला छापता." मी आरामखुर्चीकडे पाहिलं. तिथे पेपर चेहऱ्यासमोर इतका उंच धरलेला होता की वाचणं शक्यच नव्हतं. मी उठले आणि पोहे केले, सगळ्यांना.

टेबलाखाली जपलीय ती हीच डिरेक्टरी. आणि आपलं पुस्तक जपणारी मी काही एकटीच नाही, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. फोन वाजला, घरातला, वायरीचा. एक तरुण आवाज म्हणाला, "काकू, तुम्ही मला ओळखत नाही. आजीकडे एक जुनं पिवळं पुस्तक आहे, त्यात रुखवत या नावाखाली तुमचा नंबर होता. आधी दोन लावून बघ म्हणाली ती."

मी फोनवर हात ठेवला आणि गॅलरीच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं, "अहो, परकं माणूस आहे."

पेपर खाली आला नाही. "मग ओळख वाढवू नकोस," आतून उत्तर आलं. "आधी ऑर्डर घे."