दोन खोल्यांतलं सर्व्हिस सेंटर

चार जण चहाला बसले आणि कुणी विचारलं, "काय प्रमोद, घरून काम म्हणजे मज्जाच ना?" की मी आधी हसून घेतो. कारण याला उत्तर एक नसतं, सहा-सात असतात, आणि त्या प्रत्येकात बावळट मीच असतो. हे किस्से मी कुठे लिहून ठेवत नाही. गरजच नाही. सुनीताला, म्हणजे बायकोला, तोंडपाठ आहेत. मी एखादा विसरलो की ती स्वयंपाकघरातून आठवण करून देते!

आमची कंपनी सुरतेजवळ, सचिन गावाला. यंत्रमागांचे स्पेअर पार्ट आणि दुरुस्ती. कुणाचा माग बंद पडला की तो फोन करणार, मी तक्रार लिहून घेणार आणि मेकॅनिक पाठवणार. पूर्वी ऑफिसात टेबलावर फोन होता. मग आमचे मालक जिग्नेशभाई यांनी इंटरनेटवरचा फोन घेतला. नंबर कंपनीचा, पण वाजणार लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप कुठेही असो! "प्रमोदभाई, हवे घेर बेसीने काम करो," म्हणजे आता घरी बसून काम करा, असं म्हणून त्यांनी मला हेडफोन दिला. घर आमचं लिंबायतला. दोन खोल्या, त्यात मी, सुनीता आणि माझी माय. त्या दिवसापासून कंपनीचं सर्व्हिस सेंटर आमच्या कपाटाशेजारी आलं.

*

पहिलाच आठवडा. इच्छापोरहून एक कारखानदार भडकून बोलत होता. सकाळपासून माग बंद आणि मेकॅनिक भलत्याच गल्लीत फिरतोय.

मी ताठ बसलो. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं वापरलं. "सर, आपकी तकलीफ मैं समझता हूँ." तो ओरडतोय, मी समजावतोय. तो आणखी ओरडतोय, मी आणखी गोड होतोय. दहा मिनिटं हे चाललं. घसा कोरडा पडला माझा. पण हळूहळू तो शांत झाला आणि शेवटी अगदी मऊ आवाजात म्हणाला, "भाई, मने पूरुं बोलवा दीधुं एवा तमे पहेला माणस छो!"

मला पूर्ण बोलू देणारा पहिला माणूस! मी भरून पावलो. फोन ठेवला आणि स्क्रीनकडे बघितलं. माइकच्या चित्रावर लाल आडवी रेघ. मला वाटलं होतं, लाल म्हणजे चालू!

त्याने मला पाचपैकी पाच स्टार दिले होते. संध्याकाळी जिग्नेशभाईंनी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, "ग्राहकाशी कसं बोलावं ते प्रमोदभाईंकडून शिका."

*

मग जिग्नेशभाईंना वाटलं, फोन लावल्यावर जो आवाज ऐकू येतो, 'स्पेअर पार्ट के लिए एक दबाइए, रिपेअरिंग के लिए दो दबाइए', तो माझाच असावा. भाड्याने माणूस कशाला?

आमच्या गल्लीत शांतता म्हणून काही नसतंच. मी दारं-खिडक्या लावल्या, अंगावर गोधडी घेतली आणि आत घामाने भिजत रेकॉर्डिंग केलं. एकदम रेडिओसारखं झालं! लगेच पाठवून दिलं.

तीन आठवड्यांनी मी सहज आमचाच नंबर लावून बघितला. माझा आवाज, भारदस्त. "दो दबाइए." आणि त्यावर आमच्या कुकरची लांबलचक शिट्टी!

लाजेने मेलो. त्याच दिवशी नवं रेकॉर्डिंग केलं, बिनशिट्टीचं. दुसऱ्या दिवशी फोन निम्म्यावर आले. मी एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून विचारलं, "काय हो, लाइन लागत नाही का?"

तो म्हणाला, "लगती है ना. पर सीटी के बाद दबाना होता है, और सीटी बजतीच नहीं. हम कान लगाके बैठे रहते हैं!"

जिग्नेशभाईंनी हुकूम काढला, "सीटी पाछी मूको." शिट्टी परत टाका. त्या दिवशी घरात भाकरी-ठेचा होता, शिजवायचं काहीच नव्हतं. तरी सुनीताने कुकर चढवला. ऑफिसचं काम म्हणून!

*

या फोनमध्ये आपल्या नावापुढे एक ठिपका असतो. हिरवा म्हणजे माणूस मोकळा, लाल म्हणजे कामात. हे मी हौसेने सुनीताला समजावून सांगितलं. माझ्या आयुष्यातली ही मोठी चूक.

आता मी कितीही गंभीर चेहरा करून बसलो तरी ती मागून येते, स्क्रीनवर वाकून बघते आणि मेथीची जुडी समोर ठेवते. "हिरवे दिसताय. निवडा."

*

सासरेबुवा नंदुरबारला असतात. सरळ माणूस. मेव्हण्यासाठी स्थळ आलं होतं, त्याबद्दल बोलायला मी एका दुपारी त्यांना फोन लावला. घाईत लावला तो कंपनीच्या फोनवरून. त्यांनी उचलल्याबरोबर त्यांना आधी बाईचा आवाज आला, 'यह कॉल रेकॉर्ड की जा रही है.'

मला त्याचा पत्ताच नाही. मी म्हटलं, "मामा, मुलगी कशी वाटली?"

पलीकडून कोर्टात उभं असल्यासारखा आवाज, "मुलीबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही."

"अहो, पण तुमचं मत काय?"

"आमचं असं कोणतंही मत नाही. आणि आम्ही काहीही मागितलेलं नाही. हे आम्ही राजीखुशीने सांगत आहोत."

तीन मिनिटं मी जे जे विचारलं त्याचं असंच उत्तर. काय झालं ते मला संध्याकाळी सुनीताने सांगितलं, तेही हसून हसून रडून झाल्यावर. लग्न थाटात झालं. पण सासरे अजून मला 'आपण' म्हणतात आणि माझ्याशी बोलताना खोकला आला तरी आधी फोन लांब धरतात!

*

एकदा एक कारखानदार हटूनच बसला. "तुमसे बात नहीं करनी. तुम्हारे साहब को दो."

साहेब म्हणजे जिग्नेशभाई, आणि ते नवसारीला लग्नात. त्यांना फोन दिला तर माझी धडगत नाही. मी म्हटलं, "एक मिनिट सर." त्याला होल्डवर टाकलं, पाणी प्यायलो, छाती पुढे काढली, आवाज चांगला जाड केला आणि परत आलो, "हाँ जी, मैं मॅनेजर बोल रहा हूँ."

सुरुवात झकास झाली. तो चक्क 'सरजी' म्हणाला! मी माझ्याच नावाने दोन शिव्या घातल्या. "वो प्रमोद थोडा ढीला है. उसको मैं देख लेता हूँ." तो खूश.

तेवढ्यात पुन्हा भंगारवाल्याचा आवाज. होल्डवर टाकायच्या आधी तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी ओरडत होता; आता थेट खिडकीखाली आला. "भंगाऽऽर! पस्तीऽऽ!"

पलीकडचा अगदी आदराने म्हणाला, "सरजी, आपके केबिन में भी वही भंगारवाला आता है?"

*

आणि एक मायचा.

माझी माय आमच्यात बोलते अहिराणी. बाहेर तिचं स्वतःचं हिंदी. उभं आयुष्य तिने सुरतेच्या मागांवर काढलं. बाबा गेल्यावर दोन पाळ्या करून मला कॉमर्सला घातलं, कारण 'पोऱ्याने खुर्चीवर बसावं' असं तिला वाटे.

एके सकाळी मी अंघोळीला गेलो, लॅपटॉप हिरव्या ठिपक्यावर तसाच ठेवून. सुनीता दळणाला गेलेली. बाहेर आलो तर माय माझ्या खुर्चीवर, हेडफोन उलटा घातलेला, त्याची पिन निघाल्यामुळे आवाज खोलीभर, डोळे मिटलेले.

"माय! काय करतेस?"

तिने बोट ओठांवर ठेवलं. मलाच गप्प बसवलं!

पलीकडे कुणी कारखानदार नव्हता, कारागीर होता. शिरपूरकडचा पोरगेला माणूस, कामावर नवा. दोन मिनिटं चालून माग सारखा बंद पडत होता. मालक दुपारी येणार आणि खापर याच्यावर फोडणार. आठवड्यात असे दोघे जण घरी पाठवले होते म्हणे. आवाज रडवेला झालेला. मायने त्याचं गाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, सकाळी काही खाल्लं का विचारलं. मग म्हणाली, "आते फोन मशीनजोडे धर, आनि चालू कर."

खटखट, खटखट, खटखट. माय ऐकत होती. मी टॉवेलवर उभा.

"दोन ठोका पडी ऱ्हायनात एकनी जागावर," ती म्हणाली. "धोटा फेकनारी काठी शे ना, तिना नट ढिला व्हयेल शे. पहिले मशीन बंद कर. मंग पान्हा लाव. घाबरू नको रे, मी शे आठे."

पाच मिनिटांनी पलीकडून एकसारखा आवाज येऊ लागला. मग त्या पोराचा नाक ओढल्याचा आवाज आला. मायने हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि भाजी चिरायला गेली.

सगळे कॉल रेकॉर्ड होतात आणि जिग्नेशभाई ते ऐकतात. कंपनीच्या फोनवर बाहेरचं माणूस बसवलं, वर माग चालवायला सांगितलं. नोकरी गेलीच समजा. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "प्रमोदभाई, स्पीकर चालू करो. बा ने बोलावो."

मी मायला बोलावलं. जिग्नेशभाई म्हणाले, "माजी, आपका कॉल मैंने तीन बार सुना. हमारे पास ऐसा आदमी नहीं है. रोज दो घंटा फोन पे बैठोगे? घर बैठे. बराबर पगार देंगे."

मायने पदर सारखा केला. माझ्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं, हेडफोनकडे बघितलं. तिला काहीतरी नीट समजत नव्हतं. मग लॅपटॉपजवळ वाकून हळूच विचारलं,

"सेठ, ये जो ये दिनभर करता है... इसका तुम इसको पगार देता है?"