दादाने गाडी दाखवली, ती सकाळ

मी कोर्टात कारकून होतो. साक्षी ऐकण्यात जन्म गेला, त्यामुळे कोणी भुताखेताचं सांगू लागला की माझा पहिला प्रश्न ठरलेला — "तू स्वतः पाहिलंस का?" आज सांगतोय ते मीसुद्धा स्वतः पाहिलेलं नाही. पण ज्याने पाहिलं तो माझ्यासमोर उभा होता, आणि सकाळचे साडेनऊ वाजले होते.

साल शहाऐंशी. रत्नागिरीत मांडवीला आमचं घर. थोरला भाऊ, दादा, मस्कतला मेकॅनिक होता. कायमचा परतला तेव्हा दोन दारांची लाल जपानी स्पोर्ट्स कार बोटीने घेऊन आला. आपल्या रस्त्यांसाठी ती त्याने उंच करून घेतली, सायलेन्सर बदलला, इंजिन तर दोनदा उघडून बांधलं. रत्नागिरी-कोल्हापूरकडच्या गाडीवेड्यांची एक मंडळी होती, तिच्यात या गाडीचं नाव होतं.

मग दादाला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. आठ महिने तो माजघरात पडून... डोळे उघडे, पण ओळख आहे की नाही ते डॉक्टरही सांगेनात. इकडे खाऱ्या वाऱ्याने गाडी गंजायला लागली. मी ठरवलं, मंडळीतल्याच कोणा कदर करणाऱ्याला देऊन टाकू.

वहिनी म्हणाली, "भावजी, एकदा त्यांच्या कानावर घाला हो."

"त्याला काय कळतंय वहिनी आता?" — हे मी दादाच्या उशाशी उभा राहून बोललो.

गिऱ्हाईक कोल्हापूरचे घोरपडे. मंडळीत नवे, दादाला कधी पाहिलेलं नाही, त्याच्या आजाराचंही ठाऊक नाही. दुपारी येणार होते, ते सकाळीच आले. मी बाजारात गेलो होतो. परतलो तर शेडचं दार उघडं आणि घोरपडे गाडीत बसलेले. मी नमस्कार केला, खिशातली किल्ली दिली. त्यांनी सरळ सीटखाली हात घातला, खट्‌कन आवाज झाला आणि गाडी सुरू झाली.

चोरीच्या भीतीने दादाने तिथे एक छुपा स्विच बसवला होता, तो दाबल्याशिवाय किल्लीनेही गाडी सुरू व्हायची नाही. तो दादाला आणि मलाच ठाऊक. वहिनीलाही नाही.

"हे... कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आवो, तुमच्या भावानंच दाखवलं की सगळं! अर्धा तास होते इथं. दुसरा गिअर जरा दमानं टाका म्हणाले."

"कोण भाऊ?"

"उंच, गोरे, बंडी घातलेले. डाव्या भुवईवर खूण आहे बघा."

मी त्यांना माजघरात नेलं. वहिनी दादाला चमच्याने पेज भरवत होती. तासभर ती तिथून हलली नव्हती. घोरपड्यांनी दादाकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

बाहेर पडवीत येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "जाताना एक बोलले होते. मला अर्थ लागला नाही. 'त्याने विचारलंन असतं, तर हो म्हटलं असतं मी.'"

"विचारलंन"... कोल्हापूरचा माणूस जन्मात असं बोलत नाही. ते आमच्या घरातलं बोलणं.

"आधी जाऊन विचारा त्यांना," घोरपडे म्हणाले. "मी थांबतो."

मी दादाचा हात हातात घेतला. विचारलं. "दादा, देऊ का रे गाडी?" दोनदा, तीनदा विचारलं. हात थंड होता. तो आढ्याकडे बघत राहिला. पापणीसुद्धा हलली नाही. वहिनी भिंतीकडे तोंड करून रडत होती.

शेवटी मी बाहेर आलो आणि गाडी न्या म्हणून सांगितलं. बरोबर केलं की चूक, माहीत नाही. पुढच्या चैत्रात दादा गेला.

मी पुष्कळ तर्क लढवले. दादानेच कधी मंडळीत स्विचचं सांगितलं असेल, तिथल्या कोणी घोरपड्यांना खुणेचंही सांगितलं असेल... पण ते वाक्य? ते कोण सांगणार? आणि खरं सांगू, त्याहूनही वेगळीच गोष्ट मला आजवर छळते. दादाला उठून शेडपर्यंत जाता येत होतं, बोलता येत होतं... तर मग आठ महिन्यांत तो एकदाही माझ्याकडे का आला नाही? परक्या माणसाकडे का गेला?